बेंबीवरची रेघ

माझी मोठी बहीण शांता, आमची अक्का, हिला ढोंगी ठरवण्यात आलं ते दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, एका सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर, तीस-चाळीस माणसांच्या देखत. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि तिचे दोन्ही पाय कमरेपासून लाकडासारखे ताठले होते. ठरवणाऱ्याला पाच मिनिटं लागली. त्या डॉक्टराचं नाव मला पाठ आहे, दवाखान्याचंही. ते इथे लिहीत नाही. तो कधीच मेला. माझं भांडण तो ज्या खुर्चीत बसला होता त्या खुर्चीशी आहे, आणि ती अजून तिथेच आहे, फक्त तिला आता चाकं बसवलीत.

तरुणपणी मी पत्रकं लिहीत असे. अन्याय कुणावर झाला, कधी, कुठे, हे पहिल्या ओळीत सांगायचं, अशी शिस्त आम्हाला होती. केस पांढरे झाले तरी ती सवय सुटलेली नाही, म्हणून सुरुवात अशी झाली. पण अक्काबद्दल जेवढी पत्रकं काढली त्यांतल्या एकातही मी एक गोष्ट लिहिली नाही. ती अशी, की त्या डॉक्टराने हात लावण्याच्या दीड महिना आधी अक्काच्या पाठीवर माझा पाय पडला होता.

मी पायाळू. म्हणजे मायच्या पोटातून डोक्याकडून न येता पायांकडून आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली चमक उतरते, असं आमच्याकडे सगळे मानत. विजा चमकायला लागल्या की माय मला घराच्या मधोमध बसवून ठेवी, कारण पायाळूवर वीज पडते हेही सगळे मानत. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आसेगावपासून चालत तासाभरावर. बाने आणि त्याच्या भावांनी जुने देव टोपलीत भरून नदीत सोडले होते ते माझ्या जन्माच्या आधी. अंगारा, उतारा, नवस, सगळं त्यांनी बंद केलं. बा ते मोठ्या तोऱ्याने सांगायचा. पण माझा पाय त्याने बंद केला नाही. का, ते मला फार उशिरा कळलं. वरच्या गल्लीतली माणसं आमच्या दारात कधी यायची नाहीत. त्यांचा सांगावा लांबूनच, हाक मारून. पण कुणाच्या कमरेत चमक भरली की पाटलाच्या घरचा माणूस थेट आमच्या उंबऱ्याशी येऊन उभा राही. "गनपत, तुह्या पोट्टीले धाड गा. बाईले उठता येऊन नाई राह्यलं." बा पाटलाकडे सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा. एरवी त्याला हाक मारत ती "ए गनप्या" अशी. माझ्या पायाच्या दिवशी तो गणपत व्हायचा.

मी जायची. मागच्या दाराने, गोठ्यातून. पाटलीणबाई पालथी पडलेली असे. तिच्या पाठीवर जुनं धोतर टाकत, माझी कातडी तिच्या कातडीला लागू नये म्हणून. मी डावा पाय धोतरावर ठेवायची, तीनदा दाबायची, आणि उतरायची. त्यांच्या माठाला मी हात लावलेला चालत नसे. पाय मात्र पाठीवर चालत होता. मग ते धोतर काठीने उचलून माझ्या अंगावर टाकत, "ने घरी." आमच्या घरातल्या सगळ्या गोधड्या त्या धोतरांच्या होत्या. माय त्यांना इतके बारीक टाके घालायची की बायका पाहायला येत. मी त्या उबेत झोपले आणि मला त्याचं काही वाटलं नाही, उलट भूषणच वाटलं. सात-आठ वर्षांच्या पोरीला गाव बोलावतं, यापरतं मोठं काय असतं? आज ते आठवलं की अंगाची आग होते.

अक्का आली ती निंदण आटोपल्यावर. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, घरात पुन्हा ज्वारी आली होती. तेव्हा आमच्याकडे सोयाबीन कुणी ऐकलंही नव्हतं. ज्वारी, कापूस, तूर, आणि बांधावर अंबाडी. माय अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालायची, वर तेलात तळलेला लसूण ओतायची, आणि तो चर्र आवाज झाला की आम्ही आपापली ताटली घेऊन बसायचो. अक्का त्या आवाजाला धावत यायची, लग्नाआधी. ह्या खेपेला ती भिंतीला टेकून बसून राहिली. तिचं सासर रिसोडकडे. नवऱ्याने एसटीत बसवून दिलं होतं आणि सांगितलं होतं, "बरी झाली का येजो." दोन महिने तिची पाठ दुखत होती. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, पोलकं ढिलं झालं होतं. माय म्हणाली, "सासूनं खाऊ घातलं नसन." आम्हा सगळ्यांना ते पटलं. सासूला शिव्या घालण्यात आमचे चार दिवस मजेत गेले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सणाच्या उरलेल्या पुरणपोळ्या खाऊन झाल्यावर, अक्का स्वतःच म्हणाली, "विमे, साऱ्या गावाच्या पाठी तुडवते, अन् घरच्या पाठीनं काय पाप केलं व?"

"तू पाटलीन थोडीच आहे," मी म्हणाले. "धोतर कोठी आहे तुयाजवळ?"

"ओहो! महारानीले धोतर पायजे! ये, उघड्या पाठीवर ठेव तुहे चरन. बहीन आहे म्हनून फुकटात."

ती पालथी झाली. पाठीच्या मधोमध, मणक्यावर, सुपारीएवढा उंचवटा होता. मी तो पाहिला. मी विचारलंसुद्धा, "हे काय व अक्का?" ती म्हणाली, "भारे वाहून वाहून हाड वर आलं असन. तथीच दुखते. तथीच ठेव." मी तिथेच ठेवला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी ती ओरडली. असं ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, बाळंतपणात मेलेलं मूल झालं तेव्हाही नाही. मग घाम पुसत हसली आणि म्हणाली, "निंगाली वाट्टे चमक." मायने मला गुळाचा खडा दिला.

पुढच्या आठ-दहा दिवसांत ती उंबऱ्याला ठेचकाळायला लागली. पायातली चप्पल निसटून मागे राही आणि तिला पत्ता नसे, माय ओरडायची, "अव चप्पल!" मग पाय जड झाले. मग पोटाभोवती कुणी दोरी आवळल्यासारखं वाटतं म्हणू लागली. मग लघवीला बसली की होईना, आणि कधी बसायच्या आधीच व्हायची. एक दिवस ती चुलीपाशी बसली ती उठलीच नाही. बाने आणि चुलत्याने उचलून तिला बाजेवर टाकलं. त्या बाजेचा आवाज माझ्या कानात घर करून आहे. अक्काच्या अंगावरची गोधडी जरा सरकली, चवडा बाजेच्या पायथ्याच्या लाकडावर जरा दाबला गेला, की तिचं पाऊल आपोआप उडायला लागायचं, खुट् खुट् खुट् खुट्, शिवणयंत्रासारखं, आणि बाज मातीच्या जमिनीवर वाजत राही. माय भाकरी थापता थापता थांबायची. शेजारणी दारातून डोकावत. "अंगात येते व इच्या," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "देव सोडले ना तुमी, आता भोगा." बाने तिला दारातून हाकललं. पण रात्रंदिवस घरात असलेल्या त्या आवाजाला तोही भ्यायला होता.

आणि मी? मला कुणी काही म्हटलं नाही. एकदाच, भाकर वाढताना माय म्हणाली, "तू जोरात त नवता ना ठेवला पाय?" एवढंच. मी भाकर तशीच टाकून उठले.

दवाखान्यात नेण्यासाठी सासरी निरोप धाडावा लागला, कारण लग्न झालेली पोरगी, तिच्याबद्दल डॉक्टरशी बोलायचं तर नवऱ्याने बोलायचं. ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती, पण तिच्यापायी पंधरा दिवस गेले. भाऊजी आले, इस्त्रीचा सदरा घालून. ओसरीवर अक्काला फरशीवर निजवलं. डॉक्टरने तिला एकही प्रश्न विचारला नाही. भाऊजींनाच विचारलं, काय होतंय. भाऊजी म्हणाले, "साहेब, काम म्हनलं का पडते. आमच्या घरी बी असंच करे. नांदाचं नाई तिले."

डॉक्टर वाकला. "पाय उचल."

"उचलत नाई साहेब."

"उचलत नाही, की उचलायचे नाहीत?"

त्याने ट्रेमधला चिमटा घेतला आणि तिच्या पायाच्या बोटाला करकचून लावला. मी पाहत होते. कातडी पांढरी पडली. अक्का वर छताच्या कौलांकडे बघत होती. तिला कळलंच नव्हतं. "बघा," डॉक्टर लोकांकडे वळून म्हणाला, "कशी दात दाबून पडलीय. कसलेली आहे बाई." मग शिपायाने तिच्या पायावरची गोधडी, तीच धोतरांची गोधडी, ओढून काढली. थंड हवा लागली तशी तिचे दोन्ही गुडघे एकदम पोटाकडे आखडले. ओसरी हसली. कुणीतरी टाळीही वाजवली. "अरे वा, पाय तर छान हलतात!"

अक्का म्हणाली, "साहेब, म्या नाई हलवले. ते आपोआप हलते."

हे तिने मोठ्याने म्हटलं. स्पष्ट म्हटलं. मी साक्ष आहे. त्या ओसरीवर तिच्या आजाराचं अख्खं निदान तिने स्वतःच्या तोंडाने सात शब्दांत सांगितलं होतं, आणि ऐकायला बसलेला सरकारी माणूस तोवर चिठ्ठी लिहायला लागला होता. चिठ्ठी इंग्रजीत होती. भाऊजींनी ती वाचता येत असल्यासारखी पाहिली, घडी केली, बाच्या हातात दिली आणि रिसोडची गाडी पकडली. त्यानंतर आम्ही त्यांना पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दुसरं लग्न केल्याचं कळलं.

चिठ्ठी घरी आली. बाने विचार केला, मोठ्या डॉक्टराचा कागद आहे, शहरात कुठे दाखवला तर औषध मिळेल. भिंतीवरच्या फोटोच्या चौकटीमागे, घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी, त्याने तो सरकवून ठेवला. दर आठवड्याला माय फोटो पुसायची तेव्हा कागदही काढून पुसायची, हलक्या हाताने, आणि परत ठेवायची. कापूस वेचून झाला. तूर आली. अक्काच्या कमरेला, जिथे हाड टेकतं तिथे, जखम पडली आणि तिला ती दुखत नव्हती. माय कडुनिंबाच्या पाण्याने धुवायची आणि म्हणायची, "बरं आहे व, तुले दुखत त नाई." किती भयंकर गोष्टीचं आम्ही समाधान मानून घेत होतो!

संक्रांतीनंतर शेलूबाजारच्या शाळेत एक शिबिर भरलं. नागपूरहून डॉक्टरकी शिकणारी सात-आठ पोरं आली होती, कुणी धाडलेली नाही, आपापल्या वर्गणीवर. आमच्या वस्तीतल्या मास्तरांनी बाला सांगितलं. बा पाटलाकडे गाडी मागायला गेला. पाटलाने लगेच दिली. "ने, ने. अन् पोट्टीले चार दिवसांनी धाडजो, बाईची कंबर पुन्हा धरली." बैलगाडीत कडबा टाकून अक्काला निजवलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तिचे पाय उडायचे आणि ती म्हणायची, "पाह्य विमे, नाचून राह्यले. मले इचारत बी नाई." ती तेव्हाही चेष्टा करत होती.

ज्या पोराने तिला पाहिलं तो मेश्राम, भंडाऱ्याकडचा, बुटका, काळा, सदऱ्याच्या एका बाहीला बटण नसलेला. अजून पुरा डॉक्टर झाला नव्हता. बा सवयीने बोलायला लागला, "साहेब, हिचं असं हाये का—"

"काका, थांबा. ताईंना बोलू द्या." मग तो बाकाजवळ उकिडवा बसला, तिच्या तोंडासमोर तोंड येईल असा. तेवढ्यात तिचं पाऊल उडायला लागलं. खुट् खुट् खुट्. तो पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, हे तुम्ही हलवता, की आपोआप हलतात?"

अक्काने तोंडावर पदर घेतला आणि ती रडायला लागली. ओसरीवर रडली नव्हती, नवरा सोडून गेला तेव्हा रडली नव्हती. चार महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता, घरच्यांनीसुद्धा नाही.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी डोळे न मिटता पाहिलं, आणि माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं बी तिथे पडलं. त्याने तिला दात दाखवायला लावले, गाल फुगवायला लावले, दोन्ही हातांनी आपली बोटं आवळायला लावली. "बापरे ताई, सोडा आता, बोटं लागतात मला." ती हसली. तो आपल्या जोडीदाराला म्हणाला, डोकं शाबूत, हात शाबूत, बोलणं शाबूत. म्हणजे मेंदूत नाही, खाली आहे. मग एक छोटी रबरी हातोडी गुडघ्याखाली मारली. पाय असा उसळला की हातोडी उडाली. मग खिशातली किल्ली काढून तळपायावरून टाचेकडून वर ओढली. तुमच्या-माझ्या पायाचा अंगठा अशाने खाली वळतो. अक्काचा वर उठला, हळूहळू, आणि बाकीची बोटं पंख्यासारखी पसरली. "हे कुणाला मुद्दाम करता येत नाही," तो म्हणाला. "पाहिजे तर तुम्ही करून बघा." बाने तिथेच चप्पल काढून करून पाहिलं. त्याला नाही आलं.

मग त्याने कागदाला लावलेली टाचणी काढली. "डोळे मिटा ताई. टोचलं की सांगा." पावलावर टोचलं. काही नाही. नडगी, गुडघा, मांडी, काही नाही. मायने मान फिरवली. ओटीपोट, काही नाही. टाचणी बोटबोट वर सरकत होती आणि बाहेर सोडलेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज वर्गात येत होता. बेंबीपाशी अक्का म्हणाली, "हं. आता." त्याने पेन काढलं आणि तिथे शाईने रेघ ओढली. एका बाजूने केलं, दुसऱ्या बाजूने केलं. रेघ आडवी जुळली, करगोटा बांधावा तशी. मग तिला कुशीवर वळवून त्याने पाठीवरचा तो सुपारीएवढा उंचवटा शोधला. रेघेच्या जरासा वर. नुसतं बोट टेकवलं तशी ती कळवळली.

"इथे मणका सडलाय. आत पू धरला असेल, तो मज्जारज्जूवर दाबतोय," तो म्हणाला. बाला कळेना, म्हणून त्याने विजेचं उदाहरण दिलं: कुठल्या घरात अंधार आहे त्यावरून कुठला खांब पडला ते ओळखतात, तसं. बा म्हणाला, "आमच्या वस्तीत खांबच नाई बाप्पा." मेश्राम ओशाळला. तेव्हा माय बोलली. "थांबा जी. मोटंच्या पान्यासारखं आहे का हे? वरचा वाफा भिजला, खालचा कोरडा, त मधात कोठी तरी पाट दबला?"

"बरोब्बर, मावशी."

"अन् कोठी दबला ते कोरडं जथून सुरू होते तथी पाह्याचं."

"तिथून जरासं वर. तिथेच पाहायचं."

सही करता न येणाऱ्या बाईला जे एका दमात कळलं, ते त्या ओसरीवर कुणाला कळलं नव्हतं. असं कसं झालं? पायाला लावलेला चिमटा तिला कळला नाही, हा ढोंगाचा पुरावा नव्हता, बधिरपणाचा होता. पाय आपोआप आखडले, हा पाट दबल्याचा पुरावा होता. तीच लक्षणं, तेच पाय. एकाने बाईला आरोपी समजून पाहिलं, दुसऱ्याने साक्षीदार समजून. विद्येचा फरक थोडा असेल. बाकीचा सगळा ह्याचा.

मग बाने खिशातून तो कागद काढला. फोटोमागून काढून आणला होता, जपून, पिशवीत गुंडाळून. "साहेब, याच्यात दवाई लिवली आहे, ते घ्याची काय?"

मेश्रामने वाचला. पुन्हा वाचला. म्हणाला, "काका, यात औषध नाही."

"मंग काय लिवलं आहे?"

तो सांगायला तयार नव्हता. अक्काच म्हणाली, "सांगा जी. माह्यावरच लिवलं आहे ना?" तेव्हा त्याने खाली मान घालून सांगितलं. "हिस्टेरिया. सासरी नांदायची इच्छा नाही. औषधाची गरज नाही."

माय म्हणाली, "अन् आमी त्याले फोटोमांगे ठेवलं."

बाहेर आल्यावर मी मेश्रामला गाठलं. सगळं सांगितलं, पायाळूचं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचं. विचारलं, माझ्यामुळे झालं का? तो नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. लहान पोरीला कोण हो म्हणतं? त्याने हातोडी रुमालात गुंडाळली आणि म्हणाला, "हाड आधीच पोखरलेलं होतं. तुझ्या पायाने झालं असं मी म्हणणार नाही. नाही झालं असंही मला म्हणता येत नाही. पण ह्यापुढे कुणाच्या पाठीवर पाय ठेवू नको." ह्या उत्तरासाठी मी त्याच्यावर कितीतरी वर्षं चिडले. आता वाटतं, मला कुणीतरी मोठं माणूस समजून दिलेलं ते पहिलं उत्तर होतं.

अकोल्याला पाठीचा एक्स-रे काढला. मणका तिथेच, शाईच्या रेघेच्या जरासा वर, पिचून पाचर झाला होता. हाडाचा क्षय. पुढे नागपूर, इंजेक्शनं, ऑपरेशन. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं बाला सांगितलं, दसऱ्याच्या आसपास आणली असती तर चालत घरी गेली असती. बाने आम्हाला हे दोन वर्षांनी सांगितलं. दसऱ्याच्या आसपास आम्ही तिला आणलीच होती की! फक्त दार चुकीच्या माणसाचं होतं.

आम्ही नागपूरला जायच्या आधीच, शिबिरानंतर चार दिवसांनी, पाटलाचा माणूस आला होता. गाडीचं ओझं होतंच. बा म्हणाला, "चाल." मी गेले. पाटलीणबाई पालथी, पाठीवर धोतर. मी पाय ठेवला नाही. उकिडवी बसले, मेश्राम बसला होता तशी, आणि विचारलं, "संध्याकाळचा ताप येते काय? पाय जड वाटते काय? चप्पल निसटते काय?"

"काहून व पोट्टी, वकिली करून राह्यली? ठेव ना पाय."

"मी नाई ठेवत. दवाखान्यात जा. अन् स्वतःच बोलजा, पाटलाले बोलू देऊ नोका."

पाटील ओसरीवरून उठून आत आला. बाने माझ्या कानशिलात मारली, पाटलाच्या देखत, पाटलाने मारू नये म्हणून. मी पाय ठेवला नाही. पाटलीणबाईची कंबर तिसऱ्या दिवशी आपली आपण बरी झाली. तिला साधी चमक भरली होती. सगळं गाव म्हणालं, गनप्याची पोट्टी माजली. पाडव्याला बाची सालदारी सुटली. तेव्हा त्याने मला जवळ बसवून विचारलं, "तो किल्लीचा खेळ कसा होता व?" आणि मी त्याच्या तळपायावरून किल्ली ओढून दाखवली. आमच्यात माफी मागायची रीत नव्हती.

अक्का नंतर अकरा वर्षं जगली. टोचलेलं कळायला लागलं, पायांत जीव आला, पण ताठरपणा गेला नाही. पोत्यावर बसून हातांनी सरकत ती घरभर फिरायची. तिच्या ह्या फिरण्याचा आवाज, पोत्याची खरखर, मी पुढे पत्रकं लिहिताना बाजूला चालू असायचा. पहिलं पत्रक मी सोळाव्या वर्षी लिहिलं, मेश्रामच्या जोडीदारांनी चक्रमुद्रित करून दिलं, आणि शेलूबाजारच्या बाजारात आम्ही वाटलं. त्यात मणका होता, क्षय होता, सरकारचा धिक्कार होता. अक्काने वाचून घेतलं आणि म्हणाली, "अन् तुहा पाय कोठी आहे व याच्यात? सारं सरकारनंच केलं काय?" मी पत्रकाची घडी घालायला लागले. ती हसली. "राहू दे. मीच म्हनलं होतं, तथीच ठेव." मूत्रपिंडं निकामी होऊन ती गेली. शेवटच्या आजारातही प्रत्येक नव्या डॉक्टरला ती आधी एकच विचारायची, "मले इचारसान, का माह्या बापाले?"

म्हणून हे वाचणाऱ्या बाई, हे वाचणाऱ्या बाप्पा, तुमच्याकडे माझं मागणं आहे. तुमच्या घरात कुणी पाठ धरून बसलं असेल, संध्याकाळी कढत होत असेल, पायातली चप्पल निसटलेली तिला कळत नसेल, तर तिच्या पाठीवर पाय ठेवू नका, तिच्या सासूला शिव्या घालत बसू नका, तिच्या नवऱ्याची वाट पाहू नका. कापसाचा बोळा घ्या, पावलापासून वर फिरवा, आणि कुठे कळायला लागतं ते तिलाच विचारा. रेघ सापडली तर उद्याच्या पहिल्या गाडीने न्या. आणि कुठल्याही खुर्चीसमोर ती म्हणाली, 'म्या नाई हलवले', तर त्या खुर्चीतल्या माणसाने हातातलं पेन खाली ठेवेपर्यंत तिथून उठू नका.